वाहन सल्ला : बेल्ट तारखेवर, चेन ऑइलवर

या वेळच्या पत्रांत टायमिंग बेल्ट आणि टायमिंग चेनविषयीचे प्रश्न इतके होते की पूर्ण सदर त्यांनाच दिलं आहे. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवणारा पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. हेच काम साखळी करत असेल तर ती टायमिंग चेन. पत्रं संक्षिप्त केली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : २०१४ ची डस्टर १.५ डिझेल सेकंडहँड घेतली. मीटरवर ७८,००० किमी आहेत. मेकॅनिक म्हणतो टायमिंग बेल्ट लगेच बदला. वरचं कव्हर काढून पाहिलं तर बेल्ट काळाभोर, कुठे चीर नाही. आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नाही. लाखाच्या आत बेल्ट बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं नाही का? (सातारा)

उत्तर : मेकॅनिकचं ऐका, आणि बेल्ट बदलेपर्यंत लांबचा प्रवास टाळा. बिल नाही म्हणजे बेल्ट कारखान्यातून आला तोच आहे असं धरून चालायचं. तो दहा वर्षांच्या पुढे गेला आहे.

पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. हा हिशेब बेल्ट सांभाळतो. इंजिन ३,००० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. डिझेलमध्ये पिस्टन वर आला की हेडच्या (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाच्या) इतका जवळ असतो की पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हला जागाच उरत नाही. बेल्ट तुटला किंवा त्याचे दात सोलले गेले की कॅम थांबतो, क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरत राहतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. मग काम बेल्टचं राहत नाही, हेडचं होतं.

आता दिसण्याबद्दल. पूर्वीच्या बेल्टचं रबर जुनं झालं की पाठीवर भेगा पडायच्या, त्यामुळे बघून अंदाज यायचा. आताचे बेल्ट एचएनबीआर रबराचे असतात. आत काचतंतूंच्या दोऱ्या आणि दातांवर नायलॉनचं कापड. हे रबर पाठीवर भेगा न दाखवताच थकतं. दोऱ्या आतल्या आत तुटत जातात, दाताच्या मुळाशी बारीक चीर पडते आणि बेल्ट उतरवल्याशिवाय ती दिसत नाही. वरचं कव्हर काढून तुम्ही पाहिलात तो बेल्टचा वीतभर तुकडा, तोही पाठीकडून. त्यावरून निर्णय घेता येत नाही.

गाडीच्या पुस्तिकेत बेल्टसाठी दोन आकडे असतात, किलोमीटर आणि वर्षं. जे आधी येईल ते धरायचं. गाडी शहरात चाललेली असेल तर किलोमीटरचा आकडाही फसवा असतो. सरासरी ताशी २० किमी वेगाने ७८,००० किमी म्हणजे इंजिनाचे ३,९०० तास. तेच अंतर हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने कापलं तर १,३०० तास. मीटर दोन्हीकडे सारखंच, बेल्ट मात्र एकीकडे तिप्पट तास चाललेला. त्यात उन्हाळ्यातल्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली कोंडलेली उष्णता वेगळी.

नुसता बेल्ट बदलू नका, पूर्ण किट घ्या: बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर, वळण देणारी आयडलर पुली आणि वॉटर पंप. तुमच्या इंजिनात डिझेलचा हाय-प्रेशर पंप आणि वॉटर पंप याच बेल्टवर फिरतात. बेल्टचे जितके तास, तितकेच या बेअरिंगांचे. नव्या बेल्टखाली जुना वॉटर पंप जाम झाला तर बेल्ट त्याच्यावर घासून वितळतो. दहा महिन्यांनी पंप गळायला लागला तर तीच खोलाखोल, तीच मजुरी पुन्हा. कूलंट नवीन भरा. क्रँक आणि कॅमच्या ऑइल सीलमधून ओल दिसली तर सीलही आत्ताच बदला, कारण ऑइल लागलेलं रबर फुगतं आणि मऊ पडतं.

गॅरेज निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना आहेत का? व्हाइटनरने जुन्या बेल्टवर आणि पुलीवर रेघा मारून, त्या मोजून नव्या बेल्टवर उतरवणाऱ्याकडे हे काम देऊ नका. पिना असल्या तरी त्या फक्त जागा दाखवण्यासाठी असतात. क्रँक पुलीचा बोल्ट सोडवताना त्या पिनेवर जोर घेतला तर पीन वाकते किंवा ब्लॉकमध्ये तुटते. पुली धरायला वेगळं हत्यार लागतं. हा बोल्ट अनेक इंजिनांत एकदाच वापरायचा असतो. तो ठरावीक टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळून वर ठरावीक कोनात फिरवायचा असतो, त्यामुळे नवा घ्या.

बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने. मग पिना पुन्हा घालून बघायच्या. सरळ आत गेल्या तर जुळणी बरोबर. फिरवताना कुठे कडक अडथळा लागला तर तिथेच थांबायचं. नव्या बेल्टवर छापलेल्या रेघा दोन फेऱ्यांनंतर पुलीच्या खुणांशी जुळत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. बेल्टच्या दातांची संख्या पुलीच्या दातांच्या पटीत नसते, त्यामुळे रेघा पुढे सरकणारच. खरं प्रमाण पिना आणि पुलीच्या खुणा.

काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर कव्हरवर लावून घ्या, आणि जुने सगळे भाग मागून घ्या. काढलेला बेल्ट उलटा वाकवून दातांच्या मुळाशी बघा.

प्रश्न : स्विफ्ट डीडीआयएस डिझेल, १,४२,००० किमी. सकाळी सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद खडखड होते, मग आवाज जातो. शोरूममध्ये गाडी घेताना चेन आहे, आयुष्यभर बघावं लागणार नाही असं सांगितलं होतं. ऑइल कधी १५, कधी १८ हजारांवर बदललं आहे. (नागपूर)

उत्तर : पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे. या गाडीसाठी ऑइल बदलायची मर्यादा १०,००० किमी किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते. फियाटचं हे १.३ मल्टिजेट इंजिन मारुती, टाटा आणि खुद्द फियाट अशा अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसलं. आपल्याकडे पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत होतं. इंजिन भक्कम आहे, पण त्याची एकपदरी चेन ऑइलच्या बाबतीत हयगय सहन करत नाही.

‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पीन आणि ती ज्या भोकात फिरते ते भोक झिजतं. एका जोडाला ०.०१ मिमी झीज झाली तर ती कशानेही दिसणार नाही. चेनला १३० जोड असतील तर तेवढ्यानेच ती १.३ मिमी लांब होते. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी उतरते. ऑइल वेळेत बदललं नाही की ती रसायनं (डिस्पर्संट) संपतात जी काजळीचे कण सुटे ठेवतात. मग कण एकत्र येतात आणि पीन पॉलिश पेपरने घासावी तशी घासली जाते. बेल्टला वय मारतं, चेनला घाण ऑइल मारतं.

टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल उतरतं. सकाळी दाब येईपर्यंत चेन ढिली असते आणि तिला वाट देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर, म्हणजे गाइडवर आपटते. तुम्ही ऐकता तो आवाज हाच असण्याची शक्यता मोठी आहे, पण चेन उघडण्याआधी स्वस्तातल्या तपासण्या करून घ्या.

पहिली ऑइल फिल्टरची. अनेक फिल्टरमध्ये ऑइल मागे उतरू न देणारा रबरी पडदा असतो. नकली फिल्टरमध्ये तो कडक असतो किंवा नसतोच. ऑइल आणि अस्सल फिल्टर बदला आणि आठवडाभर सकाळचा आवाज ऐका. पूर्ण गेला तर सध्या चेन उघडू नका.

आवाज राहिला तर तो चेनचाच आहे ना, हे ठरवा. क्लच दाबून सेल्फ मारा. आवाज बदलला तर क्लच-फ्लायव्हीलकडे बघा. मग बाहेरचा फॅन बेल्ट काढून थंड इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तर अल्टरनेटरची पुली किंवा तिचं बेअरिंग दोषी. दोन्हींनी फरक पडला नाही तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चेन कव्हरवर आणि मूठ कानाला लावून ऐका, फिरत्या पुलीपासून कपडे आणि हात दूर ठेवून. त्यानंतर स्कॅनर लावून क्रँक आणि कॅम यांच्या सिग्नलमधला फरक वाचून घ्या. पी००१६ हा कोड आला असेल तर दोन्हींचा ताळमेळ मर्यादेबाहेर गेला आहे आणि गाडी चालवणं थांबवायला हवं. कोड आला नाही म्हणजे चेन ठीक, असं मात्र नाही. कोड उशिरा येतो.

दाबमापक लावून ऑइलचा दाब बघणं हेही गॅरेजकडून करून घ्या. दाबच कमी असेल तर नवी चेनसुद्धा खडखडणार.

चेन बदलायची ठरली तर चेन, गाइड, टेन्शनर, दोन्ही टोकांचे दातेरी गिअर आणि क्रँक सील एकत्र बदला. झिजलेल्या चेनने गिअरचे दात हुकासारखे केलेले असतात आणि ते नव्या चेनला काही हजार किलोमीटरमध्ये खातात. पुढच्या कव्हरला गॅस्केटऐवजी सिलिकॉन सीलंट लागतं. तिथे मेकॅनिकचा हात सैल सुटतो. जास्तीचं सीलंट आतल्या बाजूला दाबलं जातं, तुकडे सुटतात आणि सम्पमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) जाळीवर जाऊन बसतात. जेमतेम ३ मिमीची सलग रेघ पुरते. नवा टेन्शनर लॉक पीन काढल्यावर सुटला की नाही हे बघितल्याशिवाय कव्हर लावू देऊ नका. पीन आत विसरल्याची उदाहरणं गॅरेजमध्ये नवीन नाहीत.

या इंजिनात चेनने दात सोडले तर बहुतेक वेळा आधी रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) तुटतात. म्हणून नुसते रॉकर बदलून गाडी सुरू करून देण्याचा मोह होतो. रॉकर तुटलेल्या इंजिनाची चेन तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

प्रश्न : इनोव्हा २.५ डिझेल, टुरिस्टला चालते. मीटरवर टी-बेल्टचा दिवा लागला. एकाने रिसेट करून दिला आणि बेल्ट अजून चांगला आहे म्हणाला. चालेल का? (अहिल्यानगर)

उत्तर : चालणार नाही. तो दिवा बेल्टची तपासणी करत नाही. बेल्टजवळ कोणताही सेन्सर नसतो. ठरलेले किलोमीटर पूर्ण झाले की दिवा लागतो, रिसेट केला की मोजणी शून्यापासून पुन्हा सुरू. म्हणजे आता तुमचा जुना बेल्ट मीटरच्या दृष्टीने नवा झाला आहे आणि पुढचा दिवा लागेपर्यंत तो टिकणार नाही. सेकंडहँड इनोव्हा घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. दिवा बंद आहे म्हणजे बेल्ट बदललेला आहे असं समजू नये. मीटर बदललेलं असेल तर दिव्याला काहीच अर्थ नाही.

सुदैवाने या इंजिनात काम सोपं आहे. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर नसून बाहेरच्या बेल्टवर आहे, त्यामुळे त्याचा निर्णय वेगळा घेता येतो. बेल्टबरोबर आयडलर बदला. हायड्रॉलिक टेन्शनर उभा धरून व्हाइसमध्ये हळूहळू दाबून बघायचा. सहज आत गेला किंवा दांड्याच्या कडेने ऑइल दिसलं तर नवा घ्यायचा. दाबताना घाई केली तर आतलं सील जातं. पूर्ण दाबला की भोकात बारीक पीन घालून बसवायचा, आणि बेल्ट चढल्यावर पीन काढायची. मग हाताने दोन फेरे, खुणा बघायच्या, आणि त्यानंतरच दिवा रिसेट.

प्रश्न : सँट्रो झिंगचा टायमिंग बेल्ट ओळखीच्या गॅरेजमध्ये बदलला. तेव्हापासून आरपीएम वाढला की शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, पिकअप कमी झाला आहे आणि आयडलिंगला इंजिन थरथरतं. मेकॅनिक म्हणतो नवा बेल्ट आहे, रुळेल. (कोल्हापूर)

उत्तर : टायमिंग बेल्ट रुळत नाही. पहिल्या दिवशी जसा बसतो तसाच राहिला पाहिजे. तुमच्या पत्रात दोन वेगळे दोष दिसतात.

शिट्टी बहुतेक जास्त ताणाची. या प्रकारच्या टेन्शनरमध्ये ताण स्प्रिंगने द्यायचा असतो. बोल्ट ढिला करायचा, स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं, क्रँक थोडा फिरवून बेल्ट बसू द्यायचा आणि मग बोल्ट आवळायचा. घाईत टेन्शनरमागे सळी घालून रेटला जातो. तसा ताणलेला बेल्ट वाजतो आणि टेन्शनरचं बेअरिंग लवकर घालवतो. ताण इंजिन पूर्ण थंड असतानाच द्यायचा. गरम इंजिन फुगलेलं असतं, त्या वेळी लावलेला बेल्ट थंड झाल्यावर ढिला पडतो.

पिकअप आणि थरथर ही एका दाताची चूक असावी. समजा, क्रँकच्या पुलीला २० दात आहेत आणि कॅमच्या पुलीला ४०. एक दात चुकला की क्रँकच्या हिशेबाने व्हॉल्व्ह १८ अंश आधी किंवा नंतर उघडतात. इंजिन चालू होतं, गाडी पळते, म्हणून चूक लपते. पण खालच्या आरपीएमला दम राहत नाही, ॲव्हरेज उतरतो.

ही चूक कशी होते? खुणा जुळवून बेल्ट चढवताना ढिलेपणा चुकीच्या बाजूला राहतो. टेन्शनर नसलेली बाजू आधी ताठ करायची आणि सगळा ढील टेन्शनरच्या बाजूला आणायचा. तसं केलं नाही तर टेन्शनर सोडताच तो ढील ओढून घेतो आणि कॅमची पुली अर्धा-एक दात सरकते. आधी जुळलेल्या खुणा आता जुळत नाहीत, पण कव्हर लावून टाकलेलं असतं. दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा बघणारा मेकॅनिक हे पकडतो.

पुन्हा उघडून घ्या. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून क्रँक आणि कॅम दोन्हींच्या खुणा तुमच्यासमोर दाखवायला सांगा. फोनचा कॅमेरा पुलीच्या अगदी समोर धरून फोटो काढा, कारण वरून तिरकं पाहिलं तर अर्ध्या दाताचा फरक डोळ्याला कळत नाही. ढील तपासण्याची जुनी पद्धत, सर्वांत लांब सरळ भाग दोन बोटांत धरून तो पाव फेऱ्यापर्यंत पिळला जावा, ही अंदाजासाठी ठीक आहे. काटा आणि खाच असलेल्या ऑटोमॅटिक टेन्शनरला ती लागू नाही. तिथे काटा खाचेसमोर हवा.

प्रश्न : डिझेल सेदान हायवेवर ताशी ८० च्या आसपास असताना एकदम बंद पडली. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं फिरतं, पण सुरू होत नाही. गॅरेजने टायमिंग बेल्ट तुटल्याचं सांगितलं. नवा बेल्ट घालून ‘नशीब बघू’ म्हणतात. विमा मिळेल का? (रत्नागिरी)

उत्तर : सेल्फ पुन्हा मारू नका. इंजिन हलकं फिरणं याचा अर्थ कॉम्प्रेशन नाही. प्रत्येक सेल्फबरोबर वाकलेला व्हॉल्व्ह पिस्टनला आणखी ठोकतो.

नुसता बेल्ट घालून सेल्फ मारणं हे नशीब बघणं नव्हे, नुकसान वाढवणं आहे. रीत अशी: क्रँक हाताने त्याच्या खुणेच्या पाव फेरा मागे आणून चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर ठेवायचे. आता कॅम फिरवताना व्हॉल्व्ह कशाला लागत नाही. कॅम खुणेवर आणायचा, मग क्रँक खुणेवर, आणि बेल्ट तात्पुरता चढवायचा. हाताने दोन फेरे. अडलं तर तिथेच थांबून हेड काढायचं. अडलं नाही तरी समाधान मानू नका. थोडा वाकलेला व्हॉल्व्ह पिस्टनला न लागताही सीटवर बसत नाही.

म्हणून ग्लो प्लगच्या (थंड डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी उष्णता देणाऱ्या प्लगच्या) भोकातून एकेका सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून गळती तपासा. त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, आणि क्रँक धरून ठेवून, नाहीतर हवा पिस्टन खाली ढकलते. हवेचा फुसफुस आवाज एअर फिल्टरच्या नळीतून आला तर इनटेक व्हॉल्व्ह वाकला आहे, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट. ऑइलच्या झाकणातून आला तर रिंग किंवा पिस्टन. ताशी ८० ला बेल्ट तुटला आहे, तेव्हा हेड काढावं लागेल याची तयारी ठेवा.

हेड निघाल्यावर फक्त वाकलेले दिसतात तेवढेच व्हॉल्व्ह बदलण्यात बचत नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह लेथवर किंवा सपाट प्लेटवर फिरवून बघायला हवा, गाइडला चीर आहे का पाहायला हवं, कॅमच्या कॅप तपासायला हव्यात. पिस्टनच्या डोक्यावरचे अर्धचंद्राकृती व्रण नखाने चाचपा. बारीक खूण चालते, खोल खड्डा चालत नाही. हेड बोल्ट नवे. गॅस्केट घेताना जाडी बघा. डिझेल इंजिनांत एकाच मॉडेलला वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट येतात आणि काठावरच्या खाचा किंवा भोकं मोजून ती ओळखली जातात. जुन्या गॅस्केटला जितक्या खाचा, तितक्याच खाचांची नवी घाला. हेड प्लेन केलं असेल तर मशीनशॉपला जाडी विचारा.

आणि बेल्ट का तुटला हे शोधल्याशिवाय इंजिन बांधू देऊ नका. वॉटर पंप जाम, आयडलरचं बेअरिंग फुटलेलं, सीलमधून ऑइल, किंवा बाहेरचा फॅन बेल्ट फाटून त्याचे धागे क्रँक पुलीमागून कव्हरमध्ये ओढले गेलेले. हे शेवटचं कारण फार वेळा सुटतं. घरासमोर गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेलंही बघा.

विम्याचं उत्तर कडू आहे. साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. इंजिन प्रोटेक्टचं कलम घेतलं असेल तर त्याची वाक्यं नीट वाचा. ते मुख्यतः पाणी शिरणं आणि ऑइल गळणं यांतून होणाऱ्या नुकसानीसाठी असतं.

प्रश्न : २०१३ ची इकोस्पोर्ट १.० इकोबूस्ट. बेल्ट आहे की चेन? एक जण म्हणतो ऑइलमध्ये बुडालेला बेल्ट आहे. हे कसं शक्य आहे? (ठाणे)

उत्तर : शक्य आहे, आणि तुमच्या इंजिनात तोच आहे. घर्षण आणि आवाज कमी करण्यासाठी ऑइल सहन करणाऱ्या खास रबराचा बेल्ट इंजिनाच्या आत चालवला आहे. या पहिल्या पिढीच्या इंजिनात ऑइल पंपही आतल्याच दुसऱ्या छोट्या बेल्टवर फिरतो. परदेशात फोर्डने यासाठी दहा वर्षांची मुदत दिली होती. तुमची ती उलटली आहे.

कोरडा बेल्ट तुटतो तेव्हाच त्रास देतो. हा बेल्ट तुटण्याआधीच त्रास देतो. रबराचे कण सुटतात आणि सम्पमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. ऑइलचा दाब उतरतो आणि टर्बो, बेअरिंग उपाशी राहतात. दाबाचा लाल दिवा वळणावर किंवा आयडलिंगला क्षणभर जरी लागला तरी इंजिन बंद करा आणि सम्प उघडून जाळी बघा.

ऑइल फोर्डच्या डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी या प्रमाणाचंच, ५डब्ल्यू-२० ग्रेडचं हवं. ‘आपल्या हवेला जाड बरं’ म्हणून दुसरं घालू नका. छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि रबर मऊ करतं. ठाण्यात रोज चार-पाच किलोमीटरच चालत असेल तर ऑइल सहा महिन्यांनी बदला. बेल्ट बदलताना दोन्ही बेल्ट एकदम करा. या इंजिनात क्रँक पुलीला चावी (पुली शाफ्टवर अडकवणारी धातूची खिट्टी) नाही, ती फक्त बोल्टच्या दाबावर जागेवर राहते. लॉक न करता बोल्ट सोडला की टायमिंग तिथेच हरवतं. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, त्यामुळे आधी हत्यारांचा सेट असलेलं गॅरेज शोधा, मग भाग मागवा.

प्रश्न : जुनी गाडी बघायला जातो तेव्हा बेल्ट आहे की चेन हे कसं ओळखावं? (बीड)

उत्तर : गाडीच्या नावावरून नाही, इंजिनावरून. आय-१० च्या १.१ ला बेल्ट आहे, १.२ ला चेन. पेट्रोल स्विफ्टच्या सुरुवातीच्या १.३ ला बेल्ट, नंतरच्या १.२ ला चेन. इनोव्हा २.५ ला बेल्ट, क्रिस्टा २.४ ला चेन. मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो, जुन्या इंडिकाचं १.४ डिझेल, पोलो-व्हेंटोची डिझेल इंजिनं ही बेल्टची. अल्टो के-१० आणि वॅगन-आर १.० ही चेनची.

बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या पुलीकडच्या टोकाला बघा. बारीक बोल्टांची, दोन-तीन तुकड्यांची प्लास्टिकची कव्हरं असतील तर आत कोरडा बेल्ट. धातूचं जाड कव्हर, कडेला सीलंटची रेघ, भरपूर बोल्ट, तर चेन. वर सांगितलेला ऑइलमधला बेल्ट मात्र बाहेरून चेनसारखाच दिसतो. बेल्टची गाडी असेल तर बदलल्याचं बिल मागा, नसेल तर पूर्ण किटचा खर्च किमतीतून वजा करा. चेनची असेल तर ऑइलची बिलं मागा, आणि मालकाला सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत इंजिन थंडच राहू द्या. आधीच गरम केलेली गाडी चेनचा आवाज लपवते. ऑइलचं झाकण काढून आत टॉर्च मारा. डांबरासारखा चिकट थर दिसला तर पुढे बोलू नका.

प्रश्न : महाबळेश्वरला उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून उभी केली तर चेन दात सोडते, हे खरं का? (पुणे)

उत्तर : काही इंजिनांत होऊ शकतं. बंद इंजिनात हायड्रॉलिक टेन्शनरला ऑइलचा दाब नसतो. गाडीचं वजन गिअरमधून क्रँकवर येतं आणि तो थोडा उलटा फिरला तर चेनचा ढील टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला जमतो. टेन्शनरला मागे सरकू न देणारा खटका नसेल किंवा चेन आधीच झिजलेली असेल तर सकाळच्या पहिल्या सेल्फला दात सुटतो.

उपाय क्रमाचा आहे. ब्रेक दाबलेला ठेवून हँडब्रेक पूर्ण ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ब्रेक हळूच सोडा म्हणजे वजन हँडब्रेकवर येईल, मग इंजिन बंद करून गिअर टाका. चढावर तोंड असेल तर पहिला, उतारावर असेल तर रिव्हर्स. चाकाला दगड लावा. हँडब्रेक गाडी धरत नसेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या, चेनच्या काळजीपेक्षा ते काम तातडीचं आहे.